निरोगी पानाला हात लावू नये

पानावर काहीच नव्हतं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, खिडकीच्या उजेडात धरलं. टोमॅटोचं कोवळं, लव असलेलं, धडधाकट पान, आणि तरी फोन म्हणाला, "रोगट." फोन काय म्हणणार म्हणा, आवाज माझ्या नातीचा होता. मला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तिनंच तो आत भरून दिला होता. शब्द दोनच, निरोगी आणि रोगट. पान फोनपुढे धरायचं, तो आपणच फोटो घेतो आणि बोलतो. गेले काही दिवस तो जुना फोन तिनं माझ्याकडे देऊन ठेवला होता. "आजी, जाता-येता वापरून बघ, कुठे चुकतोय ते सांग." मी कसली वापरतेय? जी गोष्ट मला शेजारून चालत जाताना कळते ती विचारायला मी फोन कशाला काढू? आज सुनेच्या खिडकीतली कुंडी सरकवताना एक पान तुटून हातात आलं, फोन शेजारीच होता, म्हटलं बघू तरी पोरीचा शहाणा काय म्हणतो. तर हे असं. पहिल्यांदा मला हसूच आलं. म्हटलं, मुंगे, चुकला गं तुझा शहाणा. ते पान ओट्यावर ठेवलं आणि फोन पुन्हा वर धरला. "निरोगी," नात म्हणाली. उचललं. "रोगट." ठेवलं. "निरोगी." गॅसवर दूध होतं, ते वर आलं, उतू गेलं, आणि मी तिथेच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कुणाच्या घरचं दूध.

मग मी पान न घेता नुसता हात धरला. रिकामा. "रोगट."

हात धुतला. साबणानं, मग राखेनं भांडी घासावी तसा चिंध्यांनी घासून. माझ्या अंगठ्याला जन्माची भेग आहे, तिच्यात मातीचा काळा दोरा बसलेला आहे, तो कशानं निघत नाही. नख एका बाजूनं जाड, पिवळट. दुसरा, तसाच भेगाळलेला हात धरला. तोही रोगट. फोनमधलं चित्र सारखं हलत होतं. जुना फोन, त्याला काय धड दिसणार, अशी मी माझी समजूत घालत होते, पण समजूत घालणारी आणि समजूत पटणारी बाई एकच असली की फार वेळ निभत नाही. या हातांबद्दल मी आयुष्यभर ताठ मानेनं बोलत आलेय. बसडेपोची भिंत आणि त्या उंच इमारतींच्या मधल्या पट्ट्यात आमची रोपवाटिका आहे. शहराबाहेरचे बागाईतदार गाड्या घेऊन इथं येतात, वाटेत चार रोपवाटिका ओलांडून. का? तर बाईंच्या हाताला गुण आहे म्हणून. शाळेत मी चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण मिरचीचं रोप पिवळं पडण्याआधी दोन दिवस मला त्याचा वास बदललेला कळतो, आणि हे मी कुणाला सांगायला जात नाही, लोक आपणहून सांगतात. त्या हातांना आता माझ्याच नातीच्या आवाजात हे ऐकायचं.

नवऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडाच्या काचेवर लावली होती. मला त्यात धुकं दिसलं, आणखी काही नाही. डॉक्टर बोलले नाहीत. खूप वेळ त्यांनी फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "घरी आणखी कोण कोण आहे?" तेवढ्यावरून मला कळलं. ज्यांना कळतं ते आधी गप्प होतात, मग भलतंच काही विचारतात. म्हणजे यंत्रांना माणसाच्या आतलं दिसतं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि हे यंत्र तर रोगच ओळखायला शिकवलेलं. झाडाचा काय नि माणसाचा काय, सड ती सड. आत सुरू झाली की वरून पान हिरवंच असतं. हेच तर मी मुंगीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

मुंगी हे तिचं नाव मीच पाडलं. चालायला लागल्यापासून हातात काहीतरी घेऊनच चालायची, काडी, बाटलीचं टोपण, तिच्याहून मोठी चप्पल. बारावी झाली तेव्हा विद्यापीठात एक नवी पदवी निघाली होती, संगणक आणि पीकशास्त्र दोन्ही मिळून एक. अर्धे तास इकडे, अर्धे तिकडे, शेवटी कागद एकच. माझ्या मुलानं नाक मुरडलं. तो विमा कंपनीत, त्याला सगळ्याचा धोका आधी दिसतो. म्हणाला, "ना धड हे, ना धड ते. दोन डगरींवर पाय ठेवणार ही." मी म्हटलं, "अरे, चालताना माणूस दोन पायांवरच चालतो. एका पायावर बगळा उभा राहतो, तोही मासा मिळेपर्यंत." मी म्हटलं, हे आंतरपीक आहे. एका ओळीत हे, दुसऱ्या ओळीत ते, एक फसलं तर दुसरं हात देतं. माझ्या तोंडापुढे या घरात कुणाचं चालत नाही, तेव्हा पोरगी गेली. मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले. इतकं सांगितलं की लोक रोपांचा भाव विचारायच्या आधी नातीचं काय चाललंय ते विचारायला लागले. आणि तिथं मात्र तिचं वेगळंच चाललं होतं. संगणकवाली मुलं तिला माळीण म्हणायची, पीकशास्त्रवाली बटणवाली. डबा कुठल्या वर्गात खायचा हेच तिला दोन वर्षं कळेना. हे तिनं मला एकदाच सांगितलं, ट्रेमधली रोपं विरळताना, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "आंतरपिकाला दोन्हीकडून सावली येते, पोरी. वाढ उशिरा होते." ती म्हणाली, "आजी, होते ना पण?" मी होते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? लावलं मीच होतं.

उद्या तिची शेवटची परीक्षा होती, तोंडी. तिनं केलेलं हे यंत्र तिथं सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं, एका बाजूला संगणकाचे सर, दुसऱ्या बाजूला पिकांच्या बाई, आणि बाहेरून आलेले दोन परीक्षक. यावर पदवी. आणि मी ओट्याला टेकून ठरवून टाकलं की उद्यापर्यंत हे तोंडातून काढायचं नाही. काढलं तर हे लोक मला आजच उचलून दवाखान्यात नेतील, पोरगी परीक्षा टाकून माझ्या उशाशी बसेल. एकदा तिची पदवी हातात पडू दे, मग काय सडायचंय ते सडू दे.

तरी खात्री कशी करावी? माणूस मरणाच्या गोष्टीतसुद्धा घासाघीस सोडत नाही. मुलगा टेबलापाशी चहा घेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याच्यापुढे माझा कप ठेवला, तो बशीवर किणकिणला. ही बशी जुनी झालीय, कप धड बसत नाही तिच्यात. मी पान पुढे केलं.

"हे जरा धर."

"कशाला?"

"धर म्हटलं की धरावं. तुझा विमा उतरवत नाहीय मी."

त्यानं दोन बोटांत धरलं. गुळगुळीत बोटं, पेन धरणारी. "निरोगी," नात म्हणाली.

"बघ," मुलगा हसला, "माझ्या हाताला गुण आहे."

मी पान त्याच्या हातातून ओढून घेतलं ते इतक्या जोरात की चुरगळलं. "काय झालं, आई?" "काही नाही. चहा गार होतोय तुझा." आणि मागच्या दारानं रोपवाटिकेत आले. दार लावून घेतलं. दुपारचं ऊन हिरव्या जाळीतून गाळून खाली येतं तेव्हा तिथं पाण्यात बसल्यासारखं वाटतं, आवाजही तसेच येतात, डेपोतल्या बसचे, वरच्या मजल्यांवरच्या मिक्सरचे, लांबून. नारळाच्या भुश्शाचा ओला वास. मी माझ्या उपड्या क्रेटवर बसले. याच क्रेटवर बसून मागच्या हंगामात आम्ही दोघींनी ते फोटो काढले होते. कॉलेजातून ती थेट इकडे यायची, पाठीवरची बॅग न उतरवताच. यंत्राला शिकवायला फोटो लागतात, ढिगानं लागतात, आणि प्रत्येक फोटोवर कुणीतरी जाणत्यानं सांगावं लागतं, हे रोगट, हे निरोगी. ते जाणतं माणूस मी. निरोगी ट्रेवर ती वाकून वरूनच फोटो घ्यायची, मी लांब उभी. रोगट दिसलं की मी पान खुडायची, अंगठ्यात धरून उजेडापुढे करायची, ती फोटो घ्यायची, की पान लगेच झाकणाच्या डब्यात. रोपवाटिकेचा हा कायदाच आहे. सासूनं मला पहिल्याच महिन्यात पाठीत धपाटा घालून शिकवला होता: "निरोगी पानाला हात लावू नये, रोगट पान ट्रेत राहू देऊ नये." हातानंच रोग फिरतो. एका रोपावरचा हात दुसऱ्यावर गेला की संपलं. सासू तिच्या शेवटच्या वर्षात या जाळीखाली आली नाही. आली नाही म्हणजे मीच येऊ दिली नाही. तिला खोकला लागलेला, हात थरथरायचे, बी टाकायला बसली की एका खळग्यात तीन तीन. मी म्हटलं, तुम्ही घरात बसा आता, आत्याबाई, मी बघते. तेव्हापासून ती दाराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायची आणि आत बघायची. आज मला त्या खुर्चीतून आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. कामाला लागावं म्हणून मिरचीच्या बियांचं पाकीट फोडलं आणि ट्रे भरायला घेतला. एका खळग्यात एक बी. दोन पडल्या. काढली एक. पुढच्यात पुन्हा दोन. हल्ली बियाच फार बारीक येतात.

"आजी!" मुंगी धाडकन दार उघडून आत आली. तोंडावर दोन रात्रींची झोप तुंबलेली आणि डोळे मात्र दिवाणखान्यातल्या बल्बसारखे. "आजी, ऐक, उद्या तू चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"परीक्षेला. मी सरांना विचारलं. मी बोलेन, आणि शेवटी तू पान धरायचंस आणि यंत्र सांगेल. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच हातात दाखवायचं. बाई म्हणाल्या, फार छान कल्पना आहे."

सगळ्यांसमोर. त्या लोकांच्या खुर्च्यांसमोर मी हात पुढे करायचा आणि ते माझ्या नातीच्या तोंडून ऐकायचं. मी म्हटलं, "मी नाही येणार."

"का?"

"मला कामं आहेत. तुझ्या परीक्षेत मी काय अस्वल म्हणून नाचू?"

"आजी, असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? चौथी नापास बाई नेऊन उभी करायची, लोक टाळ्या वाजवणार, अगं बाई, आजी किती गोड. तू तुझं यंत्र घे आणि जा."

माझी जीभ तिखट आहे हे तिला ठाऊक आहे, पण तिच्यावर कधी चाललेली नव्हती. तिनं खाली मान घालून बॅगेच्या पट्ट्याशी चाळा केला. "तुला लाज वाटते का माझ्या शिकण्याची?" असं विचारलं. अगदी हळू. "बाबांसारखीच? सांग ना. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटलीस आणि प्रत्यक्ष यायची वेळ आली की कामं आहेत. माझ्यासाठी तिथं कुणीच नाहीय, आजी. ना या वर्गातलं, ना त्या. म्हणून म्हटलं तू चल."

हे मात्र मला पेलेना. रोगापेक्षा हे वाईट. मी कमरेला खोचलेला फोन काढला, शेजारच्या ट्रेमधलं धडधाकट पान खुडलं, आयुष्यात पहिल्यांदा निरोगी पान खुडलं, आणि अंगठ्यात धरून तिच्यासमोर केलं. "ऐक," म्हटलं.

"रोगट."

"आता हे." नुसता हात.

"रोगट."

"तुझ्या बापाचा धरला, तर निरोगी म्हणतं. चारचौघांत नेऊन हेच ऐकवायचं होतं तुला? म्हणून नाही म्हणत होते. उद्याचं उरक, मग बघू दवाखान्याचं. बापाला सांगायचं नाही."

ती गप्प झाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. गप्प होणं मी ओळखते. तिनं फोन घेतला, स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी उघडलं, बोट वर सरकवत राहिली, सरकवत राहिली. जुने फोटो. माझा अंगठा, माझा अंगठा, माझा अंगठा. मग नुसती हिरवी पानं. पुन्हा अंगठा. आणि माझी नात रंग उतरलेल्या तोंडानं खाली ओल्या जमिनीवर बसली.

"घरी कोण कोण आहे?" तिनं विचारलं नाही तरी मला ऐकू आलं.

"आजी," ती म्हणाली, "तुला काही झालेलं नाही."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच. ते पान बघतच नाहीय. तुझा अंगठा बघतंय. आपण रोगट पानं तेवढी तुझ्या हातात धरली ना, निरोगी पानाला तू हात लावू दिलाच नाहीस. मग ते एवढंच शिकलं. अंगठा दिसला की रोगट, नाही दिसला की निरोगी. रोग त्याला कळतच नाही. कधी कळलाच नव्हता."

"पण तुझ्या चाचण्यांत तर पास होत होतं?"

"होणारच. चाचणीच्या फोटोंतही तुझाच अंगठा." ती हसल्यासारखी झाली, पण ते हसणं नव्हतं. "सरांनी आकडे बघितले. बाईंनी पानं बघितली. त्यांना वाटलं हे बघतील, यांना वाटलं ते बघतील. हात कुणी बघितला नाही. मीसुद्धा. आणि बघायचं कुणी होतं? मीच. त्याचसाठी तर होते ना मी दोन्हीकडे."

आणि मी? खरं सांगायचं तर माझ्या अंगातून मणभर ओझं उतरलं. मला हसू फुटलं. मी मरत नव्हते. समोर पोरीची चार वर्षं चिखलात बसलेली आणि मी तिच्यासमोर उभी राहून आतल्या आत पेढे वाटल्यासारखी. ते तिनं पाहिलं. तिनं ते मला माफही करून टाकलं, त्याच क्षणी, तेही मी पाहिलं, आणि माझं हसू तोंडावरच वाळलं.

मुलगा दारात आला होता, आवाज ऐकून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विम्याच्या माणसानं बोलावं तेच बोलला. "मग यात एवढं काय? आईला नेऊ नकोस. फोटो आहेत तेच दाखव. उद्या पास हो, मागाहून दुरुस्त कर. कुणाला कळणार आहे?"

मुंगीनं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. दुपारभर मीही तेच करत होते, झाकून ठेवत होते, उद्यापर्यंत.

"मला कळलंय ना, बाबा," ती म्हणाली.

"वर्ष जाईल."

"जाईल कदाचित. मी त्यांना हेच सांगणार आहे, कुठे चुकलं ते. दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत. नाहीतर कुणीतरी हे बागाईतदारांच्या फोनमध्ये घालेल आणि कुणाची तरी धडधाकट रोपं उपटून फेकायला लावेल." ती उठली. मागे चिखलाचा गोल डाग. "आजी, अजून उजेड आहे. नव्यानं सुरू करू. निदान थोडे तरी नेईन उद्या, दाखवायला. निरोगी पानं, तुझ्या हातात. चालेल?"

मी सासूच्या खुर्चीच्या जागेकडे पाहिलं. तिथं मुलगा उभा होता. "चालेल," म्हटलं. "पण ज्या ट्रेतलं खुडीन तो ट्रे विकायचा नाही. बाजूला लावायचा."

"बरं, कायदेवाल्या बाई," ती म्हणाली, आणि या वेळी खरंच थोडी हसली.

मी पान खुडलं. इतकं चांगलं पान खुडताना बोटांना कसंसंच झालं, झोपलेल्या मुलाला उगाच उठवल्यासारखं. अंगठ्यात धरून उजेडापुढे केलं. तिनं फोटो घेतला, बघितला.

"हलला. पुन्हा."

पुन्हा घेतला. "आजी, हात हलवू नकोस ना."

"कुठे हलवतेय?"

ती पुन्हा वाकली. बटणाचा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा. मागच्या हंगामातले फोटो कसे होते, पानावरची लव मोजावी इतके स्वच्छ. तिनं फोन हळूहळू खाली घेतला. पानाकडे ती बघत नव्हती. माझ्या अंगठ्यातलं पान वारा नसताना हलत होतं, देठापासून टोकापर्यंत, बारीक, सारखं, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. डेपोत एक बस मागे घेत होते, तिचा इशारा वाजत राहिला आणि थांबला. मुंगीनं तोंड उघडलं. ती आता भलतंच काहीतरी विचारणार, मला कळलं.

मी दुसऱ्या हातानं माझं मनगट गच्च धरलं.

"काढ," मी म्हटलं. "उजेड चाललाय."